१:१४४ 'फॉन डेर टान': लढाऊ मॉडेलची हल प्रिंट करायची की कापायची?

टेक्सासकर

नमस्कार मंडळी. फास्ट गन प्रकारासाठी पहिलं लढाऊ जहाज बांधायला घेतोय. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: महायुद्धांच्या काळातल्या खऱ्या युद्धनौकांची रिमोटवर चालणारी मॉडेलं तळ्यात एकमेकांवर साडेचार मिमीचे पोलादी छर्रे झाडतात. बाजूच्या भिंती मुद्दाम पातळ बाल्साच्या असतात, त्यामुळे छर्रा आरपार जातो आणि जहाज खरोखर बुडतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासातच याची सुरुवात झाली.

जहाज ठरलंय: जर्मन बॅटलक्रूझर 'फॉन डेर टान', १९१० साली सेवेत आलेलं. खरं जहाज १७१.७ मीटर लांब, २६.६ रुंद, पाण्याखाली ९.१९ आणि आराखड्यातलं वजन १९,३७० टन. म्हणजे मॉडेल ११९२ मिमी लांब, १८५ मिमी रुंद, पाण्याखाली ६४ मिमी आणि वजन साडेसहा किलो.

साधनं अशी: २२० × २२० × २५० मिमीचा थ्रीडी प्रिंटर, १० वॉटचा डायोड लेझर (४०० × ४०० मिमी), फ्रीकॅड, आणि जुन्या ड्रॉइंगचे स्कॅन.

अख्खी हल (जहाजाचं धड) तुकड्यातुकड्यांनी प्रिंट केली तर चालेल का? कोणतं प्लास्टिक घ्यावं? आत शिरलेलं पाणी उपसणारा पंप घरी बनवता येतो का? आणि तोफा?

सहा_एमएम

अख्खी हल प्रिंट करू नका. तळ प्रिंट करा. कणा आणि फासळ्या ६ मिमी बर्च प्लायमधून कापा.

हल तळावर बसवून प्रिंट केली की थर आडवे पडतात. मग दोन खिडक्यांमधली (बाल्साने झाकायच्या मोकळ्या जागांमधली) प्रत्येक फासळी म्हणजे आडव्या थरांची नुसती चवड. छर्रा नेमका तिच्यावर बसला की ती दोन थरांच्या मधून तुटते आणि शेजारच्या दोन्ही खिडक्यांची बाल्सा सोबत फाडते. तोच छर्रा प्लायला बसला तर फक्त खळगा पडतो. शिवाय बाल्साची कातडी वारंवार बदलावी लागते: जुनी सोलायची, गोंद खरवडायचा, चिकटून राहिलेला सीए (सुपरग्लू) ॲसिटोनने मऊ करून पुसायचा. प्रिंटरच्या प्लास्टिकांपैकी एएसएचा ॲसिटोनने चिखल होतो, पीईटीजीचा पृष्ठभागही खराब होतो. प्लायला काही होत नाही.

फासळ्यांचं अंतर आधी ठरवा, बाकी सगळं त्यावरून निघतं. फास्ट गनमध्ये रूढ हिशोब असा: १/८ इंच जाड फासळी असेल तर १ इंचावर एक, १/४ इंच असेल तर २ इंचांवर, ३/८ इंच असेल तर ३ इंचांवर, मध्यापासून मध्यापर्यंत मोजून. तुमच्या क्लबची चालू नियमपुस्तिका समोर ठेवूनच कॅड उघडा, कारण क्लबागणिक तपशील बदलतात. ६ मिमी प्लाय पाव इंचापेक्षा किंचित पातळ, म्हणजे ५०.८ मिमी अंतर घ्या. त्यात एक सोय आपोआप होते: चार खणांचा एक तुकडा २०३.२ मिमीचा होतो आणि तुमच्या प्रिंटरवर मावतो. असे पाच तुकडे १०१६ मिमी, सहावा १७६ मिमीचा. प्रत्येक सांधा बरोबर फासळीखाली येतो, खिडकीखाली एकही नाही.

स्कॅनवर आंधळा विश्वास ठेवू नका. जुना कागद एका दिशेने जास्त ताणलेला असतो. लांबी आणि रुंदी वेगवेगळी मोजून दोन्ही दिशांना वेगळं प्रमाण द्या, मगच काटछेद गिरवा. प्रत्येक काटछेद ०.८ मिमी आत घ्या, कारण बाहेरून १/३२ इंची बाल्सा चढणार आहे. हे विसरलं की जहाज १.६ मिमी जास्त रुंद होतं आणि डेकची कड बाजूशी जुळत नाही. नाळेकडच्या आणि पिछाडीच्या फासळ्यांना दोन तोंडं वेगळ्या मापाची असतात. मध्याकडच्या, म्हणजे मोठ्या तोंडाचा आकार कापा आणि दुसरं तोंड घासून तिरकं करा. लहान तोंड कापलं तर घासायला लाकूडच उरत नाही आणि बाल्सा फासळीपाशी खड्ड्यात बसते.

कणा (कोकणात होडी बांधणारे त्याला पठाण म्हणतात) तुमच्या लेझरवर एकसंध मावणार नाही. चार तुकडे करा, कोड्याच्या तुकड्यांसारखे अडकणारे सांधे द्या, आणि ते सांधे प्लास्टिकच्या सांध्यांच्या रेषेत येऊ देऊ नका. सांध्याच्या दोन्ही बाजूंना ३ मिमी प्लायच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवा.

लेझरबद्दल: ६ मिमी म्हणून विकलेला प्लाय ५.६ ते ६.१ कितीही भरतो. व्हर्नियरने चार जागी मोजा. त्याच पत्र्यातून ५.४ पासून ६.० पर्यंत ०.१ च्या फरकाने खाचा असलेली एक फणी कापा, आणि ज्या खाचेत प्लाय अंगठ्याच्या दाबाने बसतो तेच माप खोबणीला द्या. हातोडी लागली तर खोबण घट्ट आहे, कणा वाकडा होईल. १० वॉटला दोन ते चार फेऱ्या लागतील, आणि आतल्या थरात गोंदाचा गठ्ठा असेल तिथे कापलंच जाणार नाही. तिथे फेऱ्या वाढवून जाळत बसू नका, पातळ करवतीने सोडवा. कापलेल्या कडेवरची काजळी घासून काढा, काजळीवर इपॉक्सी धरत नाही. आणि या लेझरवर पीव्हीसी कधीही ठेवू नका, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो.

तळाचे तुकडे टोकावर उभे ठेवून प्रिंट करा. २०३ मिमी उंची होते, आधार लागत नाहीत, वक्र गुळगुळीत येतो. थर लांबीला आडवे पडल्यामुळे लांबीच्या दिशेने तुकडा कमकुवत असतो, पण तो ताण कणा घेतो. ०.६ नोझलने तीन भिंती, म्हणजे दोन मिमीच्या आसपास. सहा तुकडे मिळून अर्धा किलो भरतील, वजनाच्या बजेटमध्ये बसतं. प्रिंट झाल्यावर आतून पातळ इपॉक्सीचा एक हात द्याच. भिंत कितीही दाट दिसली तरी थरांमधून पाणी झिरपतं.

प्लास्टिक: पीएलए साठ अंशांपाशी मऊ पडतं. टेक्सासात उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेमागे तेवढं तापमान होतं, आणि तळाला एकदा पीळ पडला की बाल्सा कधीच सरळ बसणार नाही. पीईटीजी ऐंशीपर्यंत टिकतं, तळासाठी तेच घ्या. एएसए त्याहून वर टिकतं पण थंड होताना कडा उचलतं आणि वासासाठी हवा खेळती लागते. ते डेकवरच्या, सतत उन्हात राहणाऱ्या भागांना ठेवा.

एक चूक इथे हमखास होते. तुकडे जोडायला आत उभी कड देतात, ८ मिमी उंच, आणि ती या बाजूपासून त्या बाजूपर्यंत सलग. झाली पाच धरणं तयार! पाणी पंपापर्यंत पोचतच नाही. मध्ये निदान २५ मिमीची वाट मोकळी सोडा.

पाणरेषा

वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत, एका ठिकाणी नाही. प्लायचा कणा आणि पीईटीजीचा तळ ही जोडी तापमानाला वेगळी वागते. पीईटीजी दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०६ मिमी वाढतं. तीस अंशांच्या फरकाला तुमच्या लांबीत दोन मिमी. प्लाय जवळपास हलतच नाही. सगळं कडक इपॉक्सीने बांधलं तर उन्हात तळ फुगणार आणि सांध्याला केसासारखी चीर जाणार. एकतर तुकड्यांच्या सांध्यात पॉलियुरेथेनसारखं लवचीक सीलंट वापरा आणि कण्याला स्क्रूने धरताना प्लास्टिकमधली भोकं लांबट ठेवा, किंवा तळ प्रिंटच करू नका. ५ × ३ मिमीच्या बासवुडच्या पट्ट्या फासळ्यांवर लावायच्या, वरून काचेचं कापड आणि इपॉक्सी. चार संध्याकाळी जास्त जातील, पण हा तळ ऊन, ॲसिटोन आणि खडक तिन्ही सोसतो. पहिल्या जहाजाला मी हेच सुचवेन. प्रिंट करायचाच असेल तर बाल्सा जिथे तळाला मिळते तिथे ८ मिमी रुंदीची पायरी ठेवा आणि तिच्यात बासवुडची पट्टी बसवा, म्हणजे बाल्सा लाकडाला चिकटेल, प्लास्टिकला नाही.

आता ज्याने जहाजं खरी उलटतात ते. पाणी मोकळं हिंडतंय का, हा प्रश्न किती पाणी आलंय यापेक्षा मोठा आहे.

तुमच्या जहाजाचं ढोबळ गणित: ६५०० घन सेंमी पाणी बाजूला सारलं जातं. पाणरेषेच्या आकारावरून स्थिरतेचा हिस्सा ५ सेंमीच्या आसपास निघतो, उत्प्लावन मध्य (पाण्याखालच्या आकाराचा मध्य) तळापासून साडेतीन सेंमीवर. बेरीज साडेआठ. बॅटरी तळाशी ठेवून गुरुत्वमध्य ५ सेंमीवर आणलात तर स्थिरतेचे हाती साडेतीन सेंमी उरतात. ठीकठाक जहाज.

आता सपाट तळावर मीटरभर लांब आणि १५ सेंमी रुंद पाण्याचा पातळ थर येऊ द्या. लांबी गुणिले रुंदीचा घन भागिले बारा, आणि त्याला ६५०० ने भागा: १०० × ३३७५ ÷ १२ = २८,१२५, म्हणजे ४.३ सेंमी. हातात होते साडेतीन. पाणी जेमतेम बोटभर असतानाच जहाज एका वळणावर कुशीवर पडतं आणि डेकच्या झाकणातून भरतं.

तेच पाणी मध्यभागी २५ मिमी रुंदीच्या नाल्यात कोंडा. रुंदीचा घन ३३७५ वरून साडेपंधरावर येतो. स्थिरतेतली घट ०.२ मिमी. म्हणून नाला ही पंपाची सोय तर आहेच, पण आधी ती जहाज सरळ ठेवायची सोय आहे. नाल्याच्या दोन्ही बाजूंना २० ते २५ मिमी उंचीचा, आत उतरता भराव द्या. दाट, पाणी न शोषणाऱ्या फोमचे ठोकळे कापून इपॉक्सीत बुडवून बसवा. भरावाला किती मुभा आहे ते नियमांत बघा. हा भराव तळासोबतच पोकळ प्रिंट करायचा मोह होतो, विरळ जाळी आत ठेवून. करू नका. एका सुईएवढ्या छिद्रातून जाळीत पाणी शिरतं, बाहेर कधीच येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी जहाज दोनशे ग्रॅम जड, तेही एकाच बाजूला.

वरचं बांधकाम मात्र खुशाल प्रिंट करा, प्रिंटरची खरी मजा तिथेच आहे. ०.८ मिमी भिंत पुरे, आत काही भरू नका. डेकच्या वर गेलेला प्रत्येक ग्रॅम वरच्या साडेतीन सेंमीतून वजा होतो. डोलकाठ्या वाकणाऱ्या घ्या, पातळ पियानो वायर. प्रिंट केलेली डोलकाठी पहिल्याच धडकेत जाते.

पंपवाला

पंपाचं. फास्ट गनमध्ये पूर्ण पंपाला १/८ इंची तोंडाचा निर्बंध असतो, म्हणजे बाहेरचं भोक ३.२ मिमी. तोंड लहान असल्यामुळे नुसता वेगात फिरणारा पंप उपयोगाचा नाही, दाब देणारा हवा. अर्धा बार दाब धरला तर त्या भोकातून मिनिटाला चार लिटरच्या आसपास पाणी जातं.

समोरची बाजू बघा. पाणरेषेखाली ३ सेंमीवर एक स्वच्छ साडेचार मिमीचं भोक मिनिटाला ०.४४ लिटर पाणी आत घेतं. म्हणजे अशी नऊ-दहा भोकं झाली की पंप आणि गळती बरोबरीत. बाल्सा स्वच्छ कधी फाटत नाही, तेव्हा प्रत्यक्षात सहा-सातच समजा. म्हणूनच गुणांकनातही पाणरेषेच्या वरच्या भोकाला १०, रेषेवरच्याला २५ आणि खालच्याला ५० गुण आहेत.

पंपाचं घर पीईटीजीत घरी उत्तम होतं. आडवी पंख्याची चकती, सहा सरळ पाती, व्यास ३० मिमी, घराच्या छताशी आणि तळाशी अर्धा मिमी फट. फट एक मिमी झाली की दाब झपकन पडतो. पाव मिमी ठेवली तर बाल्साची एक काडी चकती जाम करते आणि मोटर जळते. मोटर ३८० किंवा ५४० मापाची, उभी, पाण्याच्या पातळीच्या शक्य तेवढी वर, आणि दांड्याभोवती गळणारं पाणी बाजूला झटकायला एक चकती. पंप नाल्याच्या सर्वांत खोल जागी बसवा. जहाज पाण्यात असताना किंचित पिछाडीवर टेकतं हे लक्षात घेऊन ती जागा मध्याच्या थोडी मागे धरा.

पंपाभोवती २ मिमी भोकांची पितळी जाळी गुंडाळाच. छर्रे, बाल्साच्या काड्या, पानं सगळं तिथे अडलं पाहिजे. जाळीचं क्षेत्रफळ मोठं ठेवा, निदान काड्यापेटीच्या दोन मोठ्या बाजूंएवढं, नाहीतर दोन काड्यांनीच ती बंद होते.

तोंडाचं भोक प्लास्टिकमध्ये ठेवू नका, झिजून मोठं होतं आणि तपासणीत अडकतं. पितळी चकतीला ड्रिल करून ती नळीत बसवा. तपासायला बादली आणि घड्याळ: जहाजात तीन लिटर ओता, पंप चालू करा, ४५ सेकंदांत नाला रिकामा व्हायला हवा. बॅटरी अर्धी उतरल्यावर पुन्हा मोजा, कारण जास्त भोकं लढाईच्या शेवटी पडतात.

टेक्सासकर

मनापासून आभार. पाणरेषा यांचं गणित वाचून सपाट तळाचा आराखडा रद्द केला. पहिल्या जहाजाला बासवुडच्या पट्ट्याच लावतो, प्रिंटर वरच्या बांधकामाला आणि पंपाला. तोफांचं आणि चालनाचं राहिलं. चारही पंखे (प्रोपेलर) चालवायचे का?

सहा_एमएम

चार नकोत. दोन चालवा, उरलेले दोन नुसते फिरते किंवा ओढ देणाऱ्या चकत्यांसारखे, नियम देईल तसे. त्यांचं काम वेग कमी ठेवणं आणि जहाज लवकर थांबवणं. पितळी नळीत ब्राँझचे बुश, ४ मिमी दांडा. गिअर विकत घ्या, गिअरची पेटी प्रिंट करा: ६९४ बेअरिंग (४ × ११ × ४ मिमी) बसायला ११.१ मिमीचं भोक ठेवून आधी एक चाचणी कडी छापा. प्रिंट केलेले दात जाम झालेल्या पंख्यावर पहिल्यांदा सोलतात. बॅटरी दोन सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट, ६.४ व्होल्ट, आणि तिची पेटी काढता येईल अशी. वजनाचा शेवटचा समतोल तिलाच पुढे-मागे सरकवून साधायचा असतो.

तोफांबाबत मात्र अजिबात तडजोड नको. वायूचा दाब सोसणारा एकही भाग प्रिंट करायचा नाही: टाकी नाही, जोड नाही, तोफेचं घर नाही. फास्ट गनमध्ये रेग्युलेटरनंतरची मर्यादा १५० पीएसआय आहे, आणि प्रिंटमधला थर त्या दाबाला कुठलीही सूचना न देता फाटतो. तुकडे सरळ डोळ्यांच्या उंचीवर जातात. धातूच्या तयार तोफा क्लबमधल्या अनुभवी माणसांकडून घ्या, बसवणंही त्यांच्या देखरेखीखाली करा. प्रिंटरने बनवायच्या त्या गोष्टी म्हणजे तोफ धरणारी घडवंची, टरेटची (तोफेच्या फिरत्या बुरुजाची) टोपी, आणि किनाऱ्यावर नळ्यांच्या तोंडात घालायची लाल बुचं. बुचं वीस-पंचवीस छापून ठेवा, तळ्याकाठी हरवतात. जहाज पाण्याबाहेर असताना बुचं आत, वायू बंद, आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर गॉगल, बघायला आलेल्या पोरांच्यासुद्धा.

पुणेरी_करवत

पुण्यातून विचारतोय. तोफा न घालता फक्त चालणारं मॉडेल करायचं असेल तर हाच सांगाडा चालेल का? माझ्याकडे लेझर नाही.

पाणरेषा

चालेल, उलट सोपं. बाल्साऐवजी १.५ मिमी प्लाय किंवा बासवुड लावा, मोठा पंप नको. नाला तरीही ठेवा. लेझर कटिंगवाल्या दुकानांना कॅडमधून काढलेली डीएक्सएफ फाइल चालते. फक्त मिमीत आहे हे लिहून द्या आणि १०० मिमीचा एक चौकोन कोपऱ्यात काढा. तो मोजूनच बाकीचं कापायला सांगा, नाहीतर इंच-मिमीच्या घोळात अख्खा पत्रा वाया जातो. फणीची चाचणी त्यांच्याच प्लायवर करून घ्या. तोफांचा विचार पुढे कधी केलात तर हवेच्या शस्त्रांचे आपल्याकडचे नियम आधी पोलिसांकडे विचारा.

पंपवाला

टेक्सासकर, बाल्सा चढवण्याआधी एक राहिलं. कातडीला आतून पातळ सिल्कस्पॅन कागद डोपने (मॉडेलांच्या पातळ लाखेने) चिकटवायचा. त्यामुळे छर्रा गोल भोक पाडतो, फळी उभी चिरत नाही. डोपचे हात मात्र दोनच. चार दिले की कातडी कडक होते आणि वजन टाकून करायच्या तपासणीत नापास. बाल्सा घेताना पत्रा उजेडासमोर धरा. दाट तपकिरी रेघा असलेला जड पत्रा बाजूला ठेवा, तो एका जागी टणक आणि शेजारी भुसभुशीत निघतो. वक्रावर बसवायच्या आधी बाहेरच्या बाजूला गरम पाण्याचा फवारा मारा आणि दहा मिनिटं थांबा.

रिसीव्हर आणि स्पीड कंट्रोलर झाकणाला रबरी कड असलेल्या डब्यात, तारा बाहेर येतात तिथे सिलिकॉन. अँटेना डेकच्या वर, कारण २.४ गीगाहर्ट्झचा संदेश पाण्याखाली पोचत नाही आणि अर्धं बुडालेलं जहाज किनाऱ्याला आणता येत नाही. बुडालेलं जहाज सापडावं म्हणून सुटणारा तरंगता गोळा आणि त्याची दोरी पहिल्या फेरीआधीच बांधा. तळ्याची खोली विचारून घ्या आणि दोरी तिच्या दीडपट ठेवा. रीळ मोकळं फिरतंय का ते मोठ्या टाकीत जहाज उलटं बुडवून बघा, कारण सरळ बुडवून सुटणारा गोळा उलट्या जहाजाखाली डेकला अडकून राहतो.